स्ट्रीमर घ्यायचा की नुसता ट्रान्सपोर्ट

प्रिय मंदार,

घरी गाणी ऐकायला स्ट्रीमर घ्यायचा की नुसता ट्रान्सपोर्ट, हे विचारणारा तुझा लांबलचक मेसेज मिळाला. त्याला फोनवर उत्तर टाइप करत बसलो असतो तर अंगठे गळून पडले असते, म्हणून सरळ पत्रच लिहितोय, चहा घेऊन निवांत वाच.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुझ्याकडे बरा डॅक (डिजिटल डेटाचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आहे, अँप्लिफायर आहे, स्पीकर आहेत. म्हणजे तुला आता हवीये ती फक्त गाण्याचा डेटा नेटवर्कवरून उचलून डॅकच्या दारात नेऊन टाकणारी पेटी. मग आत स्वतःचा डॅक असलेला भारीतला नेटवर्क प्लेयर, म्हणजे स्ट्रीमर घ्यायचा, त्याचा ॲनालॉग आउट तसाच पडू द्यायचा आणि डिजिटल आउटमधून परत आपल्याच डॅकमध्ये जायचं, ह्यात मला काही अर्थ दिसत नाही. ज्या भागाचे पैसे मोजलेस तोच भाग वापरायचा नाही, हे कसलं गणित? ती नुसती डेटा पोचवणारी पेटी, म्हणजे डिजिटल ट्रान्सपोर्ट घे. उलट उद्या डॅक विकून एकाच डब्यात सगळं हवं असं वाटलं तर मग मात्र स्ट्रीमर घे आणि तेव्हा त्याच्या आतला डॅक कसा आहे ते नीट तपास, कारण तेव्हा आवाज त्याच्यावर अवलंबून असेल.

आता तुझा खरा प्रश्न, की दोन ट्रान्सपोर्टच्या आवाजात फरक असतो का. लोक एवढ्या ठामपणे सांगतात की पडदा उठला, स्टेज रुंद झालं, बास घट्ट झाला वगैरे. हे बघ, नेटवर्कवरून गाणं येतं ते पॅकेटमधून येतं, एखादं पॅकेट हरवलं तर ते परत मागवलं जातं, आणि सगळं आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमा होतं मग तिथून निघतं. सीडीचा डेटा सेकंदाला 1411 किलोबिट, 24 बिट 192 किलोहर्ट्झची फाईल घेतलीस तरी साधारण 9.2 मेगाबिट, आणि साधं जुनं इथरनेटसुद्धा 100 मेगाबिटचं असतं. त्यामुळे राउटरपासून पेटीपर्यंतच्या वायरीने आवाज उजळतो वगैरे मी मनावर घेत नाही. वायफाय कमजोर असेल तर गाणं अडकेल, थांबेल, पण बिचारं गाणं चालू असताना "थोडं कोरडं" होणार नाही.

खरी गंमत पेटीतून डॅककडे जाताना आहे. कोअॅक्सियल आणि ऑप्टिकल दोन्हीत एसपीडिफ (डिजिटल आवाज पाठवायची एक ठरलेली पद्धत) सिग्नल जातो आणि त्यात डेटा आणि घड्याळ एकाच तारेत गुंडाळलेलं असतं, म्हणजे ताल पाठवणारा धरतो आणि डॅकला तो ऐकून स्वतःचं घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. तो ताल डळमळीत असेल तर त्याला जिटर म्हणतात, आणि जुन्या डॅकमध्ये ह्याचा त्रास खरोखर होता, लोक उगाच बोंबलत नव्हते. पण आताचे बरेच डॅक येणारा डेटा आधी साठवून किंवा रिसॅम्पल करून (नव्या तालात मोजून) स्वतःच्या घड्याळाच्या क्रिस्टलवर बाहेर काढतात, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या तालाचं महत्त्व खूपच कमी झालंय. यूएसबीचं तर उलटंच आहे, असिंक्रोनस यूएसबीमध्ये घड्याळ डॅकचं असतं, तोच सांगतो की आता एवढा डेटा दे, आता थांब. तिथे ट्रान्सपोर्टचं घड्याळ कितीही भारी असलं तरी गाण्याच्या तालाशी त्याचा संबंधच येत नाही. म्हणून एखादा यूएसबी ट्रान्सपोर्ट "फेम्टो क्लॉक"च्या (अतिअचूक घड्याळाच्या) नावावर विकत असतील तर विचार ना त्यांना, हे घड्याळ नेमकं कोणाला वेळ सांगतंय?

यूएसबीची दुसरी बाजूही आहे. तारेतून डेटासोबत 5 व्होल्टचा सप्लाय आणि ग्राउंड पण डॅकपर्यंत जातो, आणि पेटीतल्या स्विचिंग सप्लायची कचकच त्या रस्त्याने आत शिरू शकते. डॅकमध्ये यूएसबी आयसोलेशन (विजेचा थेट जोड तोडणारी सोय) असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर कधीकधी शांत जागी हलकी चिरचिर ऐकू येते. हा फरक मात्र मी मानतो, कारण तो मोजता येतो आणि मशीन बदललं की जातो. सगळ्यात सोपा उपाय ऑप्टिकल, काचेतून नाहीतर प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जातच नाही, ग्राउंड लूपचा (ग्राउंडच्या तारांमधून शिरणाऱ्या गुणगुणीचा) विषयच संपला. फक्त ऑप्टिकलची मर्यादा लक्षात ठेव, 24 बिट 96 किलोहर्ट्झ बिनधास्त चालतं, 192 ला काही डॅक आणि काही केबल रुसतात. आणि तू डीएसडी (एकेका बिटात आवाज साठवणाऱ्या) फाईली जमवल्यास ना, त्या डीओपी पद्धतीने पीसीएमच्या (नेहमीच्या डिजिटल आवाजाच्या) वेषात पाठवायच्या म्हटलं तर साध्या डीएसडी64 ला पण 176.4 किलोहर्ट्झची वाट हवी, म्हणजे तुला कोअॅक्स किंवा यूएसबीच बरं. डीएसडी128 असेल तर 352.8, तिथे फक्त यूएसबी धर. आयस्क्वेअरएसचा (डेटा आणि घड्याळ वेगवेगळ्या तारांनी नेणाऱ्या जोडणीचा) एचडीएमआयसारखा सॉकेट बघून हुरळू नकोस, त्याच्या पिनांचं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असं काही नाहीये, एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या डॅकला लागेलच असं नाही.

मग लोकांना ऐकू येतं ते काय? बऱ्याचदा फरक असतोच, पण पेटीचा नसतो. स्पॉटिफायमध्ये आवाज समान करण्याचं सेटिंग आपोआप चालू असतं, दुसऱ्या ॲपमध्ये बंद असतं, आणि जरा जोरात वाजणारं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. दुसरं म्हणजे एकच अल्बम दोन सेवांवर वेगवेगळ्या रीमास्टरमध्ये असतो, तुझ्या जुन्या सीडीत अजून तिसराच. तुझा तो सीडी ट्रान्सपोर्टवाला दोस्त "सीडीच भारी" म्हणतो ना, त्याला म्हणावं तीच सीडी रिप करून (कॉम्प्युटरवर उतरवून) फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता लहान केलेल्या फाईलीत) टाक आणि मग लाव. सीडीवाली पेटी साधारणपणे डिस्क वाजता वाजता वाचते, फार खराब ओरखडा आला तर अंदाजाने भर घालून पुढे जाते, पण रिपिंगमध्ये तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून चेकसम (डेटा बरोबर आहे का ते सांगणारी बेरीज) जुळतोय का ते बघता येतं. सीडी फिरताना बघायला मजा येते हे मात्र मान्य, त्यावर माझा वाद नाही.

पेटी बिट जसेच्या तसे देते का हे तपासायची एक भारी युक्ती सांगतो. डीटीएस (होम थिएटरचा सराउंड आवाज) एन्कोड केलेली वेव्ह फाईल लाव आणि पेटीचा डिजिटल आउट एखाद्या होम थिएटर रिसीव्हरला जोड. रिसीव्हरवर डीटीएस दिवा लागला आणि गाणं नीट वाजलं तर एकही बिट बदललेला नाही. कुठे व्हॉल्यूम, इक्वलायझर, रिसॅम्पलिंग लुडबुड करत असेल तर नुसता खरखराट येईल, म्हणून आवाज कमी ठेवून कर, नाहीतर ट्वीटरची काशी होईल. पेटीचा व्हॉल्यूम फिक्स्ड करायला विसरू नकोस.

हे सगळं झाल्यावर उरतं ते सॉफ्टवेअर, आणि माझ्या मते निर्णय इथेच करायचा असतो. रोज हात ॲपला लागणार आहे, घड्याळाच्या क्रिस्टलला नाही. तू मैफिलींची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकतोस, आलाप संपून बंदिश सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं) नीट नसेल तर नेमक्या समेवर अर्ध्या सेकंदाचं भोक पडतं, सगळी रंगत जाते. हे आधी तपास, बाकी नंतर. तुझ्या हार्डडिस्कवरच्या फाईलींमध्ये संगतकार, राग, साल असं टॅग केलेलं असेल तर ॲप ते दाखवतं का, की सगळं "अननोन आर्टिस्ट" मध्ये कोंबतं? आणि एक फरक समजून घे: स्पॉटिफाय कनेक्ट किंवा टायडल कनेक्टमध्ये फोन फक्त रिमोट असतो, पेटी स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढते, फोन बंद पडला तरी गाणं चालू राहतं. एअरप्लेमध्ये गाणं फोनमधून जातं, त्यामुळे फोन घेऊन तू बाहेर गेलास की मैफिल पण उठली. पूर्वी खोक्यावर एमक्यूएचा (टायडल वापरायचं त्या फाईल पद्धतीचा) शिक्का बघायचो आपण, तो आता विसर, टायडलने 2024 मध्ये तो सोडून फ्लॅक धरलं.

कंपन्यांचं मन कधी फिरेल सांगता येत नाही, हाही मुद्दा आहेच. स्क्वीझबॉक्स नावाचा नेटवर्क प्लेयर आठवतंय? लॉजिटेकने 2006 मध्ये तो बनवणारी स्लिम डिव्हायसेस घेतली, 2012 मध्ये स्क्वीझबॉक्स बंद करून टाकला. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं म्हणून लोकांनीच ते चालू ठेवलं, आज ते लिरियन नावाने चालतंय आणि जुने डबे अजून वाजतायत. उलट क्रोमकास्ट ऑडिओ, केवढीशी स्वस्त मस्त चकती, 2015 ला आली आणि 2019 ला गूगलने बंद केली. म्हणून फक्त एकाच कंपनीच्या ॲपवर चालणारी पेटी घेऊ नकोस, यूपीएनपी, रून, लिरियन असं गाणी पेटीपर्यंत पोचवणारं काहीतरी दुसरं दार उघडं असलेली घे.

रास्पबेरी पाय, म्हणजे त्या एका पट्टीवरच्या छोट्या कॉम्प्युटरबद्दल विचारलंस. तुला हात काळे करायला आवडत असतील तर त्याच्याइतकं लवचिक काही नाही, मूड किंवा पायकोअरप्लेयर हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि यूएसबीने डॅकला जोडायचं. पाय 4 किंवा पुढचा घे, 3 पर्यंत नेटवर्क आणि यूएसबी एकाच वाटेवरून जायचं. एसपीडिफ हवं असेल तर वर बसणारं असं कार्ड घे ज्याच्यावर स्वतःचे दोन क्रिस्टल आहेत, एक 44.1 किलोहर्ट्झच्या घराण्याला, एक 48 च्या, कारण पायकडे स्वतःचं ऑडिओचं घड्याळ नाहीये. पण वहिनीला आणि बाबांना पण वापरायचं असेल तर हा नाद सोड, काही अडलं की तुलाच हाक मारतील आणि तू ऑफिसमध्ये असशील. त्यांच्यासाठी विम किंवा ब्लूसाउंडसारखी तयार पेटी बरी, डिजिटल आउट दोन्हींना आहे.

एक काम कर, डॅकच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव आणि त्याचं मॉडेल कळव, ऑप्टिकलला 192 चालतं का आणि यूएसबी आयसोलेटेड आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून सांगतो. तोवर ऑर्डर करू नकोस.

तुझा,
सुहास