मारझोड नाही, म्हणून प्रेम?

मा. संपादक,

मी मिरजेतल्या एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव सांभाळते. प्रेमकादंबऱ्या सर्वांत जास्त नेतात त्या कॉलेजच्या मुली, म्हणून हे लिहिते आहे. परवा परत आलेली एक कादंबरी वाचली. नायक नायिकेचा मोबाइल तपासतो, तिच्या मैत्रिणी तोडतो, ती नोकरी सोडेपर्यंत अबोला धरतो. ती रडली की गजरा घेऊन दारात हजर! शेवटच्या प्रकरणात कळतं, लहानपणी आई त्याला सोडून गेली होती. झालं, सगळं माफ. उलट नायिकाच त्याची समजूत काढत बसते. वाचून संताप झाला. त्याचं दुःख खरं असेल, पण त्याची भरपाई तिने का करायची? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच मानला आहे. नकारानंतरही मुलीचा पाठलाग करत राहणं २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. लेखकांनी असा माणूस जरूर रंगवावा, अगदी खोलात जाऊन. पण नायिकेच्या एखाद्या मैत्रिणीला तरी खडसावून बोलू द्या. आणि प्रकाशकांनी मलपृष्ठावर याला ‘उत्कट प्रेमकथा’ म्हणणं आधी थांबवावं.

– एक वाचक, मिरज