चौदा दिवस शाळेत

प्रिय सुऱ्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. मी बरा आहे, गुडघा आहे तसाच.

रविवारी ईमला जाऊन आलो. डर्बिशरमधलं खेडं. हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? 1665 मध्ये तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. दमट होतं म्हणून शेकोटीपुढे पसरलं, आणि पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला. पहिला गेला कारागीर जॉर्ज विकर्स. पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याने गळ घातली, कुणीही गावाबाहेर जायचं नाही. आणि लोकांनी ऐकलं रे! आपल्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. चर्चला कुलूप, प्रार्थना कक्लेट डेल्फच्या घळीत, उघड्यावर. वेशीवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यात व्हिनेगर, व्हिनेगरात नाणी. बाहेरचे लोक सामान ठेवून पैसे न्यायचे. कोरोनात वेशीवर बांबू आडवा टाकून सॅनिटायझर घेऊन बसलेला तू आठवलास. हसू आलं, पण पुढे रायली नावाच्या शेतातली थडगी पाहिली. एलिझाबेथ हँकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. 14 महिन्यांत 260 माणसं गेली म्हणतात, पाद्र्याची बायको कॅथरीनसुद्धा. त्याने स्वतःची पोरं मात्र आधीच यॉर्कशरला धाडलेली. ते मला खुपलं.

आता म्हणशील, बघ, माझंच बरोबर होतं. थांब. त्यांनी स्वतःला कोंडलं. तू माझ्या दादाला 14 दिवस शाळेत कोंडलंस, आईला घावणे बांबूवरून द्यायला लावलेस. पण पुढे ऐक. प्लेग सरल्यावर मॉम्पेसन ईक्रिंगला गेला, तर तिथले लोक त्याला गावात घेईनात! म्हणे रफर्ड पार्कात झोपडीत राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्यालाही शाळा चुकली नाही. दादाला फोनवर सांगितलं, तर चक्क हसला. तुझं नाव काढल्यावर फोन ठेवला, पण आधी हसला.

तो चवथीला येतोय. एकाच मखरापुढे दोघं तोंडं फिरवून आरत्या किती वर्षं म्हणणार? आईचा जीव मधल्यामध्ये टांगलेला. तू धाकटा, तूच जा. मोदक खायला म्हणून जा. 'सरपंचांनी सांगितलं होतं' हे पालुपद नको, आणि कबड्डीतली ती पकड तर मुळीच काढू नकोस, आउट तूच होतास.

पोरीला दहावीला किती पडले? काजूला भाव मिळाला? काकूंना नमस्कार. दादा गणपतीच्या आदल्या दिवशी पोचेल, सामान बरंच असेल, स्टँडवर रिक्षा पाठव.

तुझा,
बाळ्या