पडदा बंद करायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वेबसाइटवरच्या अर्जाबद्दल तुमच्या पहिल्या मेलमध्ये एकच वाक्य होतं: "तुमचा अर्ज मला शेवटपर्यंत भरता येत नाही." मी उलट कळवलं, की आमच्याकडे सगळं नीट चालतंय, ब्राउझर अपडेट करून पाहा. यावर तुम्ही विषय सोडून दिला असतात तर तुम्हाला कुणी बोल लावला नसता. पण तुम्ही फोन केलात आणि तुमचे दोन तास मला दिलेत. त्या दोन तासांचे आभार मानायचे राहून गेले होते.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, उतरवून घ्या म्हणालात, फुकट आहे. ते झाल्यावर म्हणालात, "आता पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि तुमचाच अर्ज भरा."

इतकी वर्षं वेबसाइट बनवतोय, पण स्वतः बांधलेलं पान त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकलं. लोगोच्या चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचे शब्द, नव्हता, म्हणून तो आवाज फाइलचं नाव अक्षर-आकड्यांसकट वाचत सुटला. पुढे रकाने आले. पुढच्या रकान्यावर नेणारी टॅबची कळ दाबली: "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब: "एडिट, ब्लँक." तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख असं ठळक लिहिलेलं होतं. पण ते लेबल नव्हतंच, रकान्याशी न जोडलेला सुटा मजकूर होता. कुठला रकाना कशाचा हे मला, तो बांधणाऱ्याला, सांगता येईना. शेवटच्या रकान्यावरून टॅबने उडी मारली ती थेट तळाच्या लिंकवर. 'अर्ज पाठवा' वाटेत लागलंच नाही, कारण ते खरं बटण नव्हतं. बटणासारखा रंगवलेला डिव्ह, म्हणजे पानावरचा नुसता चौकोन, होता. वीस मिनिटं धडपडलो. तुम्ही फोनवर शांत होतात. मग विचारलंत, "कळलं, कुठे अडतं?"

कळलं, ताई.

तोवर माझी समजूत अशी, की न पाहता वाचणाऱ्यांसाठी काहीतरी जास्तीचं, वेगळं, वेळखाऊ काम करावं लागतं. ती तुम्ही मुळापासून उपटून टाकलीत. साधा बटण टॅग लिहिला, की टॅब त्याच्यावर थांबतो, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात आणि ते बटण आहे हे ऐकूही येतं. हे सगळं ब्राउझर स्वतःहून देतो. डिव्ह वापरून मी ते काढून घेतलं होतं आणि जावास्क्रिप्ट लिहून त्यातलं फक्त माउसपुरतं परत आणलं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत बनवलेलं पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये जगासाठी खुलं झालं, ते मथळे, मजकूर आणि लिंक एवढ्यावरच उभं होतं. तसं पान आजचा स्क्रीन रीडरही सहज वाचतो. वाट अडली ती आम्ही वर चढवलेल्या थरांमुळे.

वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं १९९९ पासून आहेत. मला ती माहीत होती. मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५ : १ एवढा काँट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, आहे ना, हे मी प्रत्येक पानावर तपासायचो. नियमांतला डोळ्यांना दिसणारा तेवढाच भाग माझ्या हातात बसला होता.

भाषेचा प्रसंग तर अजून कानात आहे. टेम्प्लेटच्या पहिल्याच ओळीत पानाची भाषा 'ईएन' अशी राहून गेली होती, म्हणून तुमच्या मशीनवर सगळं मराठी इंग्रजी आवाजाच्या तोंडी जात होतं. शब्द ओळखू येत नव्हते. मी त्या दोन अक्षरांच्या जागी 'एमआर' टाकलं. तुम्ही पान पुन्हा उघडलंत, क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "हं, आता मराठी आली." माझ्या कामाला मिळालेली याहून मोठी दाद मला आठवत नाही.

चुकलेल्या रकान्याची कड मी लाल करायचो. "लाल रंग ऐकू येत नाही," एवढंच म्हणालात. आता चूक शब्दांत लिहिलेली असते, ती त्या रकान्याशी जोडलेली असते, आणि अर्ज अडला तर फोकस, म्हणजे कळफलक ज्या जागेवर काम करतो ती जागा, पहिल्या चुकीवर जाऊन थांबतो. लेबलं, बटण, मथळ्यांची उतरंड हे सगळं दुरुस्त व्हायला एक दुपार लागली. एकच दुपार! तेवढ्यासाठी किती जण अर्ध्यावरून परत गेले असतील, हा विचार अजून टोचतो.

आता कुठलंही पान सोपवण्याआधी मी ते पडदा बंद करून एकदा ऐकतो. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीलाही पहिल्याच आठवड्यात हेडफोन देऊन बसवलं. तिने तासाभरात तीन चुका काढल्या, दोन माझ्या होत्या.

एक विनंती आहे. जन्मतारखेसाठी असलेलं, क्लिक केल्यावर उघडणारं कॅलेंडर मी काढून टाकलंय. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने ठेवलेत. मला ते नीट वाटतात, पण मी ते बघून बांधलेत. सवड झाली की एकदा भरून पाहाल का? अडलं तर त्या दिवसासारखंच स्पष्ट सांगा. या वेळी ब्राउझर अपडेट करा असं सांगणार नाही.

तुमचा ऋणी,
अर्ज बांधणारा