सोनोग्राफीतली ग्रेड आणि यकृतावरचे वण : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ दिसले की पेशंट निर्धास्त होतो, ‘ग्रेड ३’ दिसले की हबकतो. ती ग्रेड चरबीची असते. यकृतात वण किती, म्हणजे फायब्रोसिस कुठवर आला, ते साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला कळतच नाही. उलट सिरॉसिस (वणांनी यकृत आक्रसून कडक होणे) झाला की चरबी ओसरते आणि ग्रेड चक्क सुधारलेली दिसू शकते! धोका मात्र वणांवरून ठरतो.

वण कोणाला होतात, हे गूढ नाही. सगळ्यांत वरचे कारण टाइप २ मधुमेह. मग पन्नाशी उलटलेले वय, सुटलेले पोट, वाढलेला रक्तदाब, स्त्रियांत पाळी गेल्यानंतरचा काळ, जवळच्या नात्यात सिरॉसिस. पीएनपीएलए३ जनुकातल्या एका बदलामुळे सडपातळ माणसालाही धोका राहतो. एफ० (वण नाहीत) ते एफ४ (सिरॉसिस) या वाटेवरची एक पायरी चढायला नुसत्या चरबीत सरासरी १४ वर्षे लागतात, सूज असेल तर ७. काहींना त्याहून खूप कमी.

आमची मागणी एकच : मधुमेहींच्या रिपोर्टवर लॅबनेच फिब-४, म्हणजे साध्या रक्ततपासणीवरून वणांचा अंदाज देणारा आकडा, छापावा. त्याचे सूत्र : वय गुणिले एसजीओटी (हे आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम). त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. वय ५५, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १,६०,००० घ्या. २६४० भागिले ९६० म्हणजे २.७५. एसजीपीटी नॉर्मल, प्लेटलेटही नॉर्मलच्या काठावर, तरी आकडा २.६७ च्या वर, म्हणजे वण बरेच पुढे गेल्याची दाट शंका. हा हिशेब आज होत नाही, कारण प्लेटलेट एका कागदावर आणि एन्झाइम दुसऱ्या. शिवाय अनेकदा खर्च वाचवायला एसजीपीटी एकटीच सांगतात. मग सूत्रच अडते.

१.३ च्या खाली आले तर मधुमेहींत एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहावे. पासष्टीनंतर ही रेघ २ वर न्यावी, नाहीतर नुसत्या वयानेच आकडा फुगतो. पस्तिशीच्या आत तो भरवशाचा नाही. तापात किंवा जबर व्यायामानंतर रक्त घेऊ नये : तापात प्लेटलेट उतरतात, व्यायामाने स्नायूंतली एसजीओटी रक्तात येते. नळीत प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर मशीन कमी मोजते. अशा वेळी स्लाइडवर खात्री हवी.

रेघेच्या वरच्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी, तीन तास उपाशीपोटी. पोट भरलेले असेल तर यकृत उगाच कडक दाखवते. ८ किलोपास्कलच्या आत असेल तर गंभीर वण बहुधा नाहीत. वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे. वजन १० टक्के उतरले तर वणही मागे हटू शकतात, पण ते एफ४ च्या आधी कळले तर जास्त साधते. म्हणून लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सूत्र बसवण्याचा आदेश आधी निघावा. फायब्रोस्कॅन मशीनची खरेदी त्यानंतर.

आपले,
यकृतविकारांवर काम करणारे डॉक्टर