फार आभार, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा इंग्रजीत चार ओळी लिहिताना ‘टू’ (too) शब्दापाशी माझा हात थांबला आणि तुमची आठवण झाली. तुम्हाला तो प्रसंग लक्षातही नसेल. मला मात्र आठवला की अजून कान तापतात.

मी नोकरीत नवी होते. माझ्या पहिल्या अहवालावर वरिष्ठ बाईंनी पानभर शेरे लिहून पाठवले. माझ्या लिखाणासाठी कुणी इतका वेळ काढला, याचंच मला भरून आलं. लगेच उत्तर धाडलं : ‘युअर कमेंट्स वेअर टू डिटेल्ड.’ मला म्हणायचं होतं, किती सविस्तर लिहिलंत! त्यांनी वाचलं, कशाला एवढं पाल्हाळ लावलंत? पुढच्या अहवालावर दोनच ओळी आल्या. त्याच्या पुढच्यावर नुसतं ‘ओके’. माझं काय बिनसलं ते मला कळेना. ज्यांना कळलं होतं त्यांनी ते वाक्य जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना वाचून दाखवलं. मला सांगावं असं मात्र एकालाही वाटलं नाही.

गंमत म्हणजे शाळेत ‘रिमूव्ह टू’ हा माझा हातखंडा प्रश्न. ‘ही इज टू वीक टू वॉक’चं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ मी झोपेतसुद्धा केलं असतं. पैकीच्या पैकी मार्क! पण सगळी गोम त्या ‘कॅनॉट’मध्ये आहे, हे फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या कुणी सांगितलं नाही. शब्दार्थांच्या वहीत ‘व्हेरी म्हणजे फार, टू म्हणजे फारच’ एवढं उतरवून घेतलं की झालं. सगळा फरक एका ‘च’च्या भरवशावर सोडलेला. आणि मराठीत ‘फारच छान’ ही तर शाबासकी!

तुम्ही तेव्हा मुद्रितं तपासायला यायचात. माझ्या टेबलाशी थांबलात आणि एक पाकीट मागितलंत. नवीकोरी पेन्सिल त्यात सरकवून पाकीट बंद केलंत. म्हणालात, “ही व्हेरी लाँग. लांब आहे, पण मावली.” मग माझी फूटपट्टी घेतलीत. तिचं टोक बाहेरच राहिलं, पाकीट मिटेना. “ही टू लाँग. आता अडलं. ‘टू’ आलं की कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं.”

बस्स, एवढंच. इतक्या वर्षांत जे शिरलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात डोक्यात शिरलं.

त्यानंतर तुम्ही माझ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन वाक्यं लिहिलीत : ‘फार सुंदर लिहितेस’ आणि ‘फार बोलतेस’. म्हणालात, “चूक तुझी नाही, आपल्या ‘फार’ची आहे. तो एकटाच दोन्ही घरची धुणी धुतो. इंग्रजीत त्यासाठी दोन माणसं ठेवलीत.” मी हसले, बऱ्याच दिवसांनी.

पण मला खरं भिडलं ते त्यानंतरचं. जाताना तुम्ही ती दोन्ही वाक्यं खोडरबराने पुसलीत. कागद डाव्या हाताने धरून, हलकेच, सुरकुती न पडू देता. वर पडलेला खोडरबराचा चुरा फुंकून टाकलात. माझ्या चुकीची खूण टेबलावर पडून राहू नये, येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचू नये, एवढ्यासाठी. ज्या जागेत माझं वाक्य मोठ्याने वाचलं गेलं होतं, त्याच जागेत!

पुढे मी या दोन शब्दांच्या मागेच लागले. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला. ‘व्हेरिफाय’, ‘व्हर्डिक्ट’ ही त्याचीच भावंडं. म्हणजे तो बिचारा नुसती साक्ष काढतो : खरंच लांब आहे हो! आणि ‘टू’ हा मुळात साधा, एका ‘ओ’चा ‘टू’च. 16व्या शतकात वेगळं स्पेलिंग रुळताना त्याला एक ‘ओ’ जास्तच झाला. (हा विनोद तुमच्यासाठी राखून ठेवला होता.) ‘नॉट टू बॅड’ म्हणताना काही अडलेलं नसतं, ‘यू आर टू काइंड’ ही तक्रार नसते, हेही नंतर कळलं. तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक असणारच, पण सांगितलं नाहीत. त्या दिवशी मला पेन्सिल आणि फूटपट्टी एवढंच पेलणार होतं. समोरच्याला किती सांगायचं हे ज्यांना कळतं, अशी माणसं मला फार थोडी भेटली. चुका दाखवणाऱ्यांना तोटा नव्हता.

वरिष्ठ बाईंना मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “अगं, मला वाटलं तुला राग आला.” पुढच्या अहवालावर पुन्हा पानभर शेरे आले. ते मी अजून जपून ठेवलेत.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे असं उघडं पत्र. बरंच लांबलंय खरं. पण पाकीटच नाही म्हटल्यावर ‘व्हेरी लाँग’च म्हणायचं ना, काका?

तुमची,
फूटपट्टीवाली