चर्चगेटचं गेट कुठे होतं?

संपादक महोदय,

वास्तुरचनेच्या एका सत्रासाठी फ्रान्समधल्या तुलूझला होते. तिथून आगगाडीने तासाभरावर कार्कासोन. ओद नदीवरचा जुना पूल ओलांडला की टेकडीवरचं तटबंद गाव अंगावरच येतं. दुहेरी तट, 52 बुरूज आणि बुरुजांवर टोकदार टोप्या. खरं सांगते, मला आधी आमच्या चाळीतला दिवाळीचा किल्लाच आठवला. दोन तटांमधून चालताना मात्र राजगडची संजीवनी माची आठवली आणि जरा गप्प झाले.

आतल्या तटाच्या पायथ्याशी एका ठिकाणी उकिडवी बसून बघितलं. तळाला मुठीएवढे चौकोनी दगड, मध्येच चपट्या लाल विटांचे थर, ते रोमन काळातले. त्यावर मध्ययुगातले मोठे घडीव चिरे. आणि सगळ्यात वर एकोणिसाव्या शतकातली टोपी! 1849मध्ये सरकारने हा तट पाडायचं ठरवलं होतं. गावकरी आणि जुन्या वास्तूंचे सरकारी निरीक्षक मेरिमे भांडले, म्हणून तो वाचला. 1853पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुरचनाकाराने डागडुजी केली. त्याच्या काळ्या पाटीच्या दगडाच्या टोप्या उत्तरेकडच्या, इथल्या नव्हेत, असं म्हणत आमच्या सरांनी नाक मुरडलं. मलाही त्या फार गुळगुळीत वाटल्या. पण नाक मुरडायला तट जागेवर आहे!

आपल्याकडे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईचा कोट पाडला. शहर वाढत होतं, तटाने अडचण होत होती, हे मान्य. उरली ती नावं. माझे आजोबा अजून ‘कोटात जाऊन येतो’ म्हणतात. सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे तटाचा एक तुकडा आहे, तोही किती जणांनी पाहिलाय? आणि चर्चगेट? परत आल्यावर मी मुद्दाम स्टेशनात उतरून चालत हुतात्मा चौकात गेले. गेट तिथे होतं, आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे. अर्धा तास फिरले, पण गेटविषयी एक ओळ मला कुठे सापडली नाही. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, गेट स्टेशनला. कितवं पाहिजे?”

मागणी एवढीच आहे. चर्चगेट, अपोलो गेट आणि बझारगेट ही कोटाची तीन गेटं जिथे होती, तिथे पदपथावर वेगळ्या रंगाच्या दगडाची एक ओळ बसवावी आणि शेजारी मराठीत चार वाक्यांचा फलक लावावा. गेटची प्रतिकृती मात्र कृपा करून उभारू नये. टोप्या पाहून आले आहे मी.

आपली,
वास्तुरचनेची एक विद्यार्थिनी, गिरगाव, मुंबई