भिंतींना रंग, नोंदवह्यांना धूळ

महोदय,

वीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून काढली. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची 'कायाकल्प' स्पर्धा आली की आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंती रंगायच्या, दारात कुंड्या यायच्या. (कुणाच्या अंगणातल्या, ते विचारू नका!) स्वच्छता हवीच. पण बाळंतिणीला जिल्हा रुग्णालयात धाडल्यावर पुढे तिचे काय झाले, ती चिठ्ठी कधी परत आली नाही. नोंदवहीतला शेवटचा रकाना कोराच. तो भरायला, त्यावरून काही शिकायला दमडीही मंजूर नसते.

गावातल्या संशोधनाची ताकद गडचिरोलीत दिसली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी तेच काम करतात.

अशा संशोधनाला पैसे फक्त नावाजलेल्या संस्थांनाच का मिळावेत? तालुक्याच्या केंद्रालाही वर्षाला एक छोटे अनुदान द्या: प्रश्न त्यांचा, मोजणी त्यांची. आणि हिशेबाचे फॉर्म दोन पानांत बसवा, नाहीतर नर्सताई पुन्हा कागदच भरत बसेल.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. नंदुरबार